शिकायला आलेले पाहुणे

जानेवारी आला की पुण्यात डेक्कन जिमखान्यापासून लक्ष्मी रस्त्यापर्यंत परदेशी मुलामुलींचे गट दिसू लागतात. हे पर्यटक नव्हेत, हे लगेच कळतं. हातात वही असते, बरोबर एखादे प्राध्यापक असतात आणि दिवसाचा प्रत्येक तास आधीच ठरलेला असतो. सकाळी जातिव्यवस्थेवर व्याख्यान, दुपारी कचरावेचकांच्या संघटनेला भेट, संध्याकाळी कीर्तन किंवा कथक, दुसऱ्या दिवशी पहाटे बसने राळेगणसिद्धी नाहीतर जामखेड. अमेरिकेतल्या अनेक महाविद्यालयांत जानेवारी हे महिनाभराचं छोटं सत्र असतं आणि अशा दौऱ्याचे गुण पदवीत धरले जातात. म्हणजे आपली घरं, देवळं, दवाखाने, बचत गट हा त्यांचा रीतसर अभ्यासक्रम आहे. एखादा समाज, त्याच्या चालीरीती आणि संस्था अशा दौऱ्यातून खरंच समजतात का, आणि ज्यांना पाहिलं जातं त्यांच्या पदरात काय पडतं, याचा हिशेब आपण यजमानांनी अजून नीट मांडलेला नाही. तो मांडायला हवा, कारण महाराष्ट्राच्या गाठी या विषयातला साठ वर्षांहून अधिक अनुभव आहे.

या प्रथेचा आरंभ साधारणपणे १९२३ सालचा मानतात. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढून आलेले रेमंड कर्कब्राइड हे डेलावेअर विद्यापीठात शिकवत. त्यांनी त्या वर्षी आठ विद्यार्थी फ्रान्सला नेले. ही मुलं थेट पॅरिसला गेली नाहीत. आधी नान्सी शहरात राहून फ्रेंच पक्कं केलं, मग पॅरिसच्या वर्गांत बसली, आणि मुक्काम होता फ्रेंच कुटुंबांत. १९३२ मध्ये डोनाल्ड वॉट यांनी तरुणांच्या आंतरराष्ट्रीय सहजीवनाचा प्रयोग सुरू केला आणि लवकरच त्याचा भर यजमान कुटुंबात राहण्यावर आला. पुढे युरोपने १९८७ मध्ये इरॅस्मस योजना काढली. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी तिच्यातून गेले. तिचं मोल मला आकड्यापेक्षा अटींत दिसतं. यजमान विद्यापीठ शिक्षणशुल्क घेत नाही, तिथे मिळवलेले गुण घरी धरले जातात, आणि ये-जा दोन्ही बाजूंनी होते. ही शेवटची अट भारताच्या वाट्याला आली नाही.

भारताकडे विद्यार्थी वळले त्याची कारणं निव्वळ सांस्कृतिक नव्हती. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला. अमेरिका हादरली आणि पुढच्याच वर्षी तिने एक शिक्षणविषयक कायदा करून परक्या भाषा शिकवण्यासाठी पैसा ओतला. दुसरीकडे पीएल-४८० या अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखाली आपण अमेरिकी गहू रुपये मोजून घेत होतो. ते रुपये भारतातच साचत होते आणि त्यातला काही भाग शिष्यवृत्त्यांवर आणि पुस्तकखरेदीवर खर्च झाला. १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं या पैशातून अमेरिकेतल्या ग्रंथालयांत जाऊ लागली. मराठी कादंबऱ्या, दिवाळी अंक, चरित्रं तिकडच्या फडताळांत पोचली ती रेशनच्या गव्हाच्या वाटेने. १९६१ मध्ये डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन यांच्या पुढाकाराने अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज स्थापन झाली आणि तिचं भारतातलं पहिलं ठाणं होतं पुण्याचं डेक्कन कॉलेज. दिल्ली नाही, कलकत्ता नाही. पुण्यात विद्वान होते, हस्तलिखितं होती, हवा बरी होती आणि घरोघरी शिकवण्याची हौस होती.

त्या पिढीत कोण आलं ते पाहिलं की या प्रश्नाची खोली कळते. मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात शिकलेल्या गेल ऑम्वेट १९६३ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर इंग्रजी शिकवायला भारतात आल्या. पुढे त्यांनी महात्मा फुले आणि ब्राह्मणेतर चळवळ हा पीएच.डी.चा विषय घेतला, भारत पाटणकरांशी लग्न केलं, कासेगावला घर केलं, १९८३ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतलं आणि शेवटपर्यंत चळवळीत राहिल्या. एलिनॉर झेलियट यांनी डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ या विषयावर प्रबंध लिहिला तेव्हा, १९६९ च्या सुमारास, इथल्या विद्यापीठांतही त्या विषयाकडे फारसं कुणी पाहत नव्हतं. मग कार्लटनमध्ये शिकवताना त्यांनी अमेरिकी विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्यांना पुण्याची वाट दाखवली.

ही वाट मुख्यतः असोसिएटेड कॉलेजेस ऑफ द मिडवेस्ट या महाविद्यालय-संघाच्या भारत-अभ्यास कार्यक्रमाची. आयोवा, मिनेसोटा, विस्कॉन्सिन, इलिनॉय अशा राज्यांतली छोटी महाविद्यालयं एकत्र येऊन विद्यार्थी पाठवत. कार्यक्रमाचा साचा साधा आणि कडक होता: मराठी शिकायचीच, पुण्यातल्या कुटुंबात राहायचं, आणि शेवटी स्वतःचा एक अभ्यासप्रकल्प करायचा. इंग्रजीवर सहज निभावणाऱ्या शहरात मराठीची सक्ती कशाला, असं कुणालाही वाटेल. पण इंग्रजीतून फक्त घरातला शिकलेला पुरुष किंवा कॉलेजात जाणारी मुलगी बोलते. आजी बोलत नाही, भांडी घासायला येणाऱ्या मावशी बोलत नाहीत, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला बोलत नाही. भाषा येईपर्यंत पाहुण्याला समाजाचा एकच मजला दिसतो.

मराठी शिकवण्याचं हे काम ज्यांनी उभं केलं त्या मॅक्सीन बर्नसन स्वतः अशाच आलेल्या. १९६१ मध्ये भारतात, १९६६ मध्ये फलटणला. फलटणच्या बोलीवर त्यांनी संशोधन केलं आणि जाई निंबकर यांच्याबरोबर परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकं तयार केली. त्यांत ग्रांथिक भाषेऐवजी माणसं प्रत्यक्ष बोलतात ती वाक्यं आली. जाईताई म्हणजे इरावती कर्व्यांच्या कन्या आणि कमला निंबकरांच्या सून. कमलाताई मूळच्या अमेरिकन; लग्न करून भारतात आलेल्या आणि १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचं शिक्षण सुरू करणाऱ्या. बर्नसनबाईंनी १९७८ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतलं, पुढे प्रगत शिक्षण संस्था काढली, आणि फलटणच्या वस्तीतल्या मुलांना मराठी वाचायला-लिहायला कसं शिकवावं यावर आयुष्य घातलं. जी बाई परदेशी तरुणांना मराठी शिकवत होती तीच इथल्या, शाळेने मागे टाकलेल्या मुलांनाही मराठी लिहायला शिकवत होती. अभ्यासदौऱ्यातून समाजाला काय परत मिळू शकतं याचं याहून मोठं उदाहरण मला ठाऊक नाही.

अर्थात आलेला प्रत्येक जण फलटणला किंवा कासेगावला घर करत नाही आणि तशी अपेक्षाही नाही. बहुतेक मुलं चार-पाच महिने राहून परत जातात, वकील होतात, शिक्षक होतात, शेती करतात. त्यांच्यासाठी खरी शाळा म्हणजे यजमानांचं घर. कोथरूडच्या किंवा सदाशिव पेठेतल्या घरात राहायला आलेली वीस वर्षांची मुलगी पहिल्या आठवड्यात चपला दाराबाहेर, नळाला पाणी किती वाजता, ताटात उजव्या-डाव्या बाजूला काय, एवढं शिकते. दुसऱ्या महिन्यात तिच्या लक्षात येतं की कामाला येणाऱ्या मावशींचा चहा वेगळ्या कपात दिला जातो आणि तो कप ओट्याच्या टोकाला, इतरांपासून दूर पालथा ठेवलेला असतो. ती विचारते. घरातले क्षणभर गप्प होतात, मग कुणी म्हणतं, सवयीने चाललंय. त्या संध्याकाळी जातीबद्दल ती जे शिकते ते कुठल्याही व्याख्यानात नसतं, आणि घरातलेही काहीतरी शिकतात. त्यासाठी दोन महिने त्या घरात काढलेले असावे लागतात. पहिल्या दिवशी आलेल्या पाहुण्याला हा कप दिसत नाही आणि दिसला तरी विचारायचा अधिकार नसतो.

म्हणूनच आजच्या चित्राची मला काळजी वाटते. २०१८-१९ मध्ये अमेरिकेतून सुमारे ३ लाख ४७ हजार विद्यार्थी परदेशी शिकायला गेले. त्यांतले निम्म्याहून अधिक युरोपात गेले, आणि जवळपास दोन तृतीयांश मुलांचा मुक्काम आठ आठवडे किंवा त्याहून कमी होता. महासाथीत २०२०-२१ मध्ये ही संख्या साडेचौदा हजारांच्या आसपास आली. त्यानंतर पुन्हा चढली, पण वर्षभर किंवा सत्रभर राहण्याची रीत काही परत मूळ धरू शकली नाही. कारणं समजण्यासारखी आहेत. शिक्षणाचा खर्च वाढला, सुटीत काम करावं लागतं, विज्ञान शाखेच्या मुलांना सत्र सोडता येत नाही. छोट्या दौऱ्यांमुळे पूर्वी जी मुलं कधीच बाहेर पडली नसती ती बाहेर पडू लागली, हेही खरं. पण दहा दिवसांत भाषा येत नाही. मग भाषेची जागा भेटी घेतात: रोज एक संस्था, तासाभराची माहिती, प्रश्नोत्तरं, चहा-बिस्किटं, गटाचा फोटो.

संस्थांवर याचा किती भार पडतो हे बाहेरून कळत नाही. ग्रामीण भागातल्या एखाद्या नावाजलेल्या संस्थेत हंगामात गटामागून गट येतात. एक कार्यकर्ती तेच सादरीकरण इंग्रजीतून पुन्हा पुन्हा करते आणि तिचं गावातलं काम मागे पडतं. पाळणाघरातल्या मुलांना दर आठवड्याला नव्या ताई-दादांचा लळा लागतो आणि तुटतो. काही ठिकाणी तर दौरा आखताना मुलांनी काहीतरी ‘मदत’ केलीच पाहिजे असा हट्ट असतो. मग ज्यांना विळा धरता येत नाही ते शेतात उतरतात, आणि ज्यांना मराठी येत नाही ते चौथीच्या वर्गाला शिकवतात.

यावर सर्वांत कठोर शब्द इव्हान इलिच यांचे आहेत. मेक्सिकोतल्या क्वेर्नाव्हाका इथे ते परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवणारं केंद्र चालवत. एप्रिल १९६८ मध्ये मेक्सिकोत सेवाकार्य करू पाहणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांसमोर त्यांनी भाषण केलं आणि त्यांना सरळ परत जायला सांगितलं. त्यांचा मुद्दा असा होता: ज्यांची भाषा तुम्हाला येत नाही, जे तुम्हाला नकार देऊ शकत नाहीत, त्यांच्यावर तुम्ही आपली मदत लादता. पाहायला या, डोंगर चढायला या, शिकायला या. पण मदतीला म्हणून येऊ नका. आज अभ्यासदौरे आखणाऱ्या प्रत्येकाने हे भाषण वाचावं असं मला मनापासून वाटतं. शिकायला आलेला माणूस प्रश्न विचारतो आणि त्यालाही प्रश्न विचारता येतात. मदतीला आलेल्याला कुणी काही विचारत नाही.

थोडक्या दिवसांतही खरं शिकवता येतं, पण ते यजमान ठरवतो तेव्हा. जामखेडचं उदाहरण घ्या. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये तिथे समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथे देशोदेशीचे विद्यार्थी येतात, पण शिकवतात कोण? गावोगावच्या आरोग्यसेविका. यांतल्या कित्येक जणी आल्या तेव्हा निरक्षर होत्या, कित्येक दलित वस्तीतल्या. गरोदर बाईची तपासणी कशी करायची, कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखायचा, नवऱ्याला नसबंदीला कसं राजी करायचं, हे त्या सांगतात आणि वैद्यकीय पदवीच्या उंबरठ्यावरचा परदेशी मुलगा लिहून घेतो. तिथे पाण्याची एक गोष्ट सांगतात. दुष्काळात कूपनलिका खोदायच्या होत्या. आरोळ्यांनी बऱ्याच गावांत त्या दलित वस्तीत खोदवल्या. पाणी हवं तर सवर्णांना तिथे हंडा घेऊन यावं लागलं. आता समजा एखादी विद्यार्थिनी गावात चालतेय आणि तिला कुणी एवढंच सांगितलं की हापसा कुठे आहे ते बघ, गावाची वेस कुठे आहे ते बघ, आणि हा हापसा इथेच का ते विचार. तर त्या एका फेरीत आरोग्य, जात, पाणी आणि बाईचं डोक्यावरचं ओझं हे सगळं तिच्यापुढे एकत्र उभं राहतं. बरोबर कुणी सांगणारी नसली तर तिला दिसेल तो नुसता लोखंडी हापसा.

वारीचंही असंच आहे. अलीकडे बरेच परदेशी गट आळंदीपासून दिवे घाटापर्यंत चालतात, टाळ धरून फोटो काढतात आणि समतेचा सोहळा पाहिला म्हणून आनंदाने परततात. इरावती कर्वे वारीला गेल्या तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की दिंडीतली माणसं एकत्र चालतात, एकत्र गातात, पण ब्राह्मणांची आणि मराठ्यांची पंगत वेगळी बसते. हे त्यांना बोचलं आणि त्यांनी लिहिलं. तो लेख १९६२ मध्ये इंग्रजीत गेला आणि परदेशी विद्यापीठांतून वाचला गेला. दि. बा. मोकाशींच्या ‘पालखी’चा इंग्रजी अनुवाद फिलिप एंगब्लोम यांनी केला तो १९८७ मध्ये आला. माझा आग्रह आहे की वारीत उतरणाऱ्या प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याने आधी ही दोन्ही वाचावीत. या समाजाकडे डोळे उघडे ठेवून पाहणारी माणसं याच समाजात आधीपासून आहेत, हेसुद्धा शिकण्याचाच भाग आहे.

पाहून गेलेला माणूस पुढे लिहितो, आणि त्या लिहिण्याचे परिणाम कुणाला भोगावे लागतात? मॅकॅलिस्टर कॉलेजचे जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकात महाराजांच्या जन्माविषयी लोकांत चालणारं म्हणून एक बोलणं आलं होतं. पुस्तक २००३ मध्ये आलं, महाराष्ट्र संतापला, प्रकाशकाने ते मागे घेतलं. लेखक अमेरिकेत होते. तोंडाला काळं फासलं गेलं ते त्यांना मदत केलेल्या पुण्यातल्या अभ्यासकाच्या, आणि ५ जानेवारी २००४ रोजी मोडतोड झाली ती भांडारकर प्राच्यविद्या संस्थेची. तो हल्ला लाजिरवाणा होता, त्याचं समर्थन होऊच शकत नाही. पण ऐकीव गोष्ट पुराव्यावाचून छापली की तिची किंमत यजमान मोजतो, हा धडा परदेशी विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीला शिकवला पाहिजे. त्यांच्या विद्यापीठांत संशोधनाच्या नीतीची समिती असते, मुलाखतीआधी संमतीपत्रावर सही घेतात. इंग्रजीतल्या कागदावर घेतलेली धुणंभांडी करणाऱ्या बाईची सही ही संमती नव्हे. सहीला ती उलट घाबरते.

‘परदेशी विद्यार्थी’ म्हटलं की डोळ्यांसमोर गोरा चेहरा येतो, हाही आपला दोष. पुण्यात वर्षानुवर्षं इराण, येमेन, सुदान, टांझानिया, अफगाणिस्तान अशा देशांतली मुलं पूर्ण पदवीसाठी राहतात. तीन-चार वर्षं ती आपली भाजी खातात, आपल्या पीएमपीच्या बसमध्ये उभी राहतात, कामापुरती हिंदी-मराठी बोलतात. समाज पाहण्याची संधी त्यांना कितीतरी अधिक. पण मिनेसोटाच्या मुलीला घरात घेऊन पुरणपोळी वाढणारं शहर सुदानच्या मुलाला खोली नाकारतं. घरमालक सी-फॉर्मचं कारण सांगतात. परदेशी माणूस राहायला आला की चोवीस तासांत तो भरावा लागतो, हे खरं. पण तो गोऱ्या पाहुण्यासाठीही भरावाच लागतो. सिंबायोसिस संस्थेचा जन्म याच दुखण्यातून झाला. फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे रेक्टर असताना डॉ. शां. ब. मुजुमदार यांना काविळीने आजारी पडलेला मॉरिशसचा एक विद्यार्थी एकटा, उपचारावाचून पडलेला दिसला. परदेशी मुलांना या शहरात आपलं म्हणणारं कुणी असावं म्हणून १९७१ मध्ये त्यांनी संस्था काढली. ज्या हेतूने ती निघाली तो आज शहराच्या दारांवर अजून उभाच आहे.

मग करावं काय? पहिलं, अहवाल परत यावेत. मुलांचे प्रकल्प तिकडच्या महाविद्यालयांत जमा होतात. अमेरिकेतल्या स्कूल फॉर इंटरनॅशनल ट्रेनिंग (एसआयटी) या संस्थेने तर आपल्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प आंतरजालावर सर्वांना खुले ठेवले आहेत आणि त्यांत भारतावरचेही पुष्कळ आहेत. पण ते इंग्रजीत. ज्या वस्तीवर लिहिलं त्या वस्तीत चार पानांचा मराठी सारांश वाचून दाखवावा, चूक काढायची संधी द्यावी, आणि मगच गुण मिळावेत. दुसरं, भेटीची संख्या आणि वेळ संस्थेने ठरवावी, मोबदला घ्यावा, आणि बोलणाऱ्या कार्यकर्तीला तिचं मानधन मिळावं. तिसरं, आठ आठवड्यांचा दौरा असेल तर निदान तीन आठवडे एका घरी, एका वस्तीत. बाकीची ठिकाणं राहिली तरी चालतील.

आणि शेवटचं, ज्याबद्दल मी सर्वांत आग्रही आहे, ते म्हणजे आपली मुलंही तिकडे जावीत. समाज आणि त्याच्या संस्था अभ्यासण्यासाठी परदेशी जाण्याचा मराठीतला पाया परदेशी माणसाने घातलेला नाही. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला फिलाडेल्फियाला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षं अमेरिकेत राहिल्या. शाळा पाहिल्या, बालवाडीची पद्धत शिकल्या, स्त्रियांच्या संघटना आणि धर्मादाय संस्था कशा चालतात ते आतून पाहिलं, तिथल्या वर्णद्वेषावरही बोट ठेवलं. परत येऊन मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि त्याच वर्षी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत, मराठी वाचकांसाठी छापलं.

आज आपला विद्यार्थी अमेरिकेत जातो तो पदवीला आणि नोकरीला. तिथला समाज अभ्यासायला म्हणून एक सत्र जाणारा विद्यार्थी शोधावा लागतो. पुण्यातल्या यजमान महाविद्यालयांनी पुढचा करार करताना इरॅस्मसची अट मागावी: तिकडून जितकी मुलं येतील तितकी इकडून जातील, शुल्क न घेता, गुण धरून. फर्ग्युसनची किंवा फलटणच्या मुधोजी महाविद्यालयाची एक मुलगी मिनेसोटात सत्रभर राहिली तर तिथे पाहण्यासारखं खूप आहे. शेतकऱ्यांच्या सहकारी दूधसंस्था आहेत, ज्यांची तुलना तिला वारणा-गोकुळशी करता येईल. लुथरन चर्चच्या तळघरात रविवारी जेवणं होतात. ओजिब्वे आणि डकोटा लोकांच्या राखीव भूमी आहेत. मिनियापोलिसमध्ये सोमाली निर्वासितांची मोठी वस्ती आहे. तिथल्या कुणाच्या घरात ती राहील, कुणाचा कप वेगळा ठेवला जातो ते पाहील, विचारेल, आणि परत येऊन मराठीत लिहील.